बाहेरची कडी

"एक सांगून ठेवते, यशोधरा. दाराला बाहेरून कडी लावत जाऊ नकोस. माय आत असताना तर नाहीच नाही."

उत्पलाताई हे म्हणाल्या तेव्हा त्यांचा एक पाय रिक्षात होता. त्यांना परभणीची गाडी गाठायची होती. माझ्या कडेवर मैत्री होती, तिचं नाक वाहत होतं आणि मी रुमाल शोधत होते.

"नाही लावणार हो, ताई," मी म्हणाले. रिक्षा वळायच्या आत मी ते विसरले.

उत्पलाताई म्हणजे माझी नणंद, प्रसेनजितची मोठी बहीण. जगातल्या प्रत्येक दाराबद्दल त्यांचं काही ना काही म्हणणं असायचं. आमच्याकडे राहायला आल्या की न्हाणीघराचं दार अर्धं उघडं ठेवून अंघोळ करायच्या आणि आम्हा सगळ्यांना बाहेरच्या खोलीत पिटाळायच्या. मला वाटलं, हेही त्यातलंच एक खूळ.

त्या आईला आमच्याकडे सोडून निघाल्या होत्या. आईला म्हणजे माझ्या सासूबाईंना, सोजरबाईंना. त्यांच्याकडे सासूला आत्या म्हणतात, मीही म्हणायचे. मैत्री सव्वा वर्षाची झाली होती आणि एक तारखेपासून मला लॅबमध्ये परत रुजू व्हायचं होतं. रक्त-लघवीच्या तपासण्या करायची लॅब. आणखी रजा मागितली असती तर नोकरीच गेली असती. आत्या मैत्रीला सांभाळतील, असं ठरलं होतं. प्रसेनच्या लेखी तरी. मी मनात म्हणत होते, बघू या, जमतंय का.

मी मुळात भित्री. मायक्रोबायोलॉजी शिकलेलं माणूस जंतूंना जितकं भितं तितकी तर भितेच, वर आणखी थोडी. मैत्री झोपली की तिच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायचा. द्राक्षाचे चार तुकडे करायचे. चिखलीतला आमचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर होता, नव्याने घेतलेला, गॅलरीला ग्रिल बसायची होती. तोवर मी गॅलरीच्या दारापुढे खुर्ची आडवी टाकून ठेवायचे. आणि आता या सगळ्यात भर म्हणून मी आत्यांवर नजर ठेवू लागले.

दिवसभर काही खटकायचं नाही. बाई कामाला वाघ. मैत्रीला पायांवर घेऊन अशा न्हाऊ घालायच्या की पोर रडायचं विसरून त्यांच्या तोंडाकडे बघत राहायची. पण दिवेलागण झाली की त्या बदलायच्या. आधी दाराशी पाण्याची बादली भरून ठेवायच्या. मग घागर. मग कळशी. स्वयंपाकघरातली पातेलीसुद्धा भरून ओळीने मांडायच्या. मैत्रीला स्वेटर, मोजे, टोपडं चढवायच्या, गावाला निघाल्यासारखं. आणि स्वतः भिंतीला टेकून बसायच्या, तोंड दाराकडे.

तळमजल्यावरचे फुलारीकाका एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. वर्गणी मागायला आले आणि दारातल्या बादलीत त्यांचा पाय गेला.

"काय आत्या, पाणपोई काढली का?"

"पाणी असावं जवळ," आत्या म्हणाल्या.

"असावं की. पण माझ्या बुटात कशाला?"

आत्या हसल्या, पण बादली जागची हलवली नाही.

रोज साधारण त्याच वेळी त्यांचा फोन वाजायचा. बटनांचा जुना फोन. त्या पहिल्या घंटेला उचलायच्या.

"गया, हायेस का?"

पलीकडून बारीक आवाज यायचा, "हाय. सोजर, तू हायेस का?"

"हाय."

संपला फोन. जेवलीस का नाही, लेकरं कशी आहेत नाही. गयाबाई म्हणजे गावाकडची त्यांची शेजारीण. मला गंमत वाटायची. मी प्रसेनला म्हणालेसुद्धा, "एवढंच बोलायचं तर मिस्ड कॉल द्यायचा."

तो हसला नाही. "पहिल्यापासून असंच आहे. आमच्या वस्तीत सगळ्या बाया मारायच्या ही हाक. एक झाली की पुढची, पुढची झाली की त्याच्या पुढची. मग दिवे लावायच्या. आता त्या दोघीच राहिल्यात."

"का पण?"

"काय माहीत. कधी विचारलं नाही." असं म्हणून तो मोटरसायकल नीट लावायला खाली गेला. ती नीटच होती. पण प्रसेन गाडी कायम तोंड फाटकाकडे करूनच लावायचा. पाऊस असो, घाई असो, आधी वळवायची, मगच उतरायचं.

एका संध्याकाळी फोन वाजला नाही. आत्यांनी स्वतः लावला. कुणा पुरुषाने उचलला. आत्या ऐकत राहिल्या, "बरं," म्हणाल्या आणि फोन मांडीवर ठेवला.

"काय झालं, आत्या?"

"गया गेली. दुपारी."

रडल्या नाहीत. मी चहा केला, तोही प्याल्या. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला त्यांनी परत तोच नंबर लावला. बंद होता. तिसऱ्या दिवशीही लावला. चौथ्या दिवशी फोन बाजूला सरकवला आणि स्वयंपाकघराच्या दिशेने विचारलं, "यशोधरा, हायेस का?"

"आहे की, इथेच."

दोन भांडी घासून होतात न होतात तोच, "यशोधरा, हायेस का?"

"आहे."

मी गॅस लहान करते तोवर पुन्हा. त्या दिवशी मी कितीदा 'आहे' म्हणाले असेन ते मलाच ठाऊक. पुढच्या आठवड्यात मी उत्तर द्यायचं सोडून दिलं. दोन खोल्यांच्या घरात मी कुठे जाणार होते? उत्तर आलं नाही की त्या उठून यायच्या, उंबऱ्यातून मला बघायच्या आणि परत जाऊन बसायच्या.

प्रसेन एका रविवारी ग्रिलवाल्याशी फोनवर हुज्जत घालून मोकळा झाला, तेव्हा मी विषय काढला.

"आत्यांना कुणाला तरी दाखवू या का?"

"कुणाला म्हणजे?"

"मानसोपचाराच्या डॉक्टरांना. मी चिडून नाही बोलत. त्या घाबरतात, प्रसेन. रोज. आणि मी एक तारखेपासून पोरगी त्यांच्या ताब्यात देऊन जाणार आहे."

"माझी माय वेडी नाही."

"वेडी म्हणतंय कोण?"

"मला नि ताईला तिनेच वाढवलंय ना? झालं काय आम्हाला?"

मी खाली फाटकाकडे तोंड करून उभ्या असलेल्या गाडीकडे पाहिलं. पण बोलले नाही. आत्या पलीकडच्या खोलीत मैत्रीला भरवत होत्या आणि घर लहान होतं.

"महिनाभर बघू," तो म्हणाला. "नाही जमलं तर पाळणाघर."

पाळणाघर म्हणजे माझा अर्धा पगार गेला, आणि आत्या परत गावी, एकट्या, हाक मारायला कुणी नाही अशा घरात. दोघांनाही ते माहीत होतं. पण पोरीच्या जिवापुढे मी ते मानायला तयार नव्हते.

एक तारीख तोंडावर आली होती. त्या दिवशी सकाळी मी कपडे वाळत घालून आत आले तर पुढचं दार उघडं. मैत्री दार ढकलायला शिकली होती. जिन्याच्या वरच्या पायरीवर पालथी पडून ती एक पाय खाली सोडून चाचपत होती. मी धावत जाऊन तिला उचललं. आत्या मोरीत होत्या. त्यांचा दोष नव्हता, पण मी त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी मान खाली घातली.

त्या दिवसापासून, खाली जाताना, मी बाहेरून कडी लावू लागले. आतली कडी मैत्रीच्या हाताला येणार नाही इतकी उंच होती, पण आत्या ती लावायच्या नाहीत. दार कधीही पटकन उघडता यायला हवं, म्हणायच्या. मग मी बाहेरची सरकवायचे. आवाज न करता. दोन मिनिटांचं काम असायचं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तो शनिवार होता. प्रसेन दुसऱ्या पाळीला गेला होता, पण त्या दिवशी लवकर सुटणार होता. मैत्रीला दुपारी लस टोचून आणली होती, अंग थोडं कोमट होतं. आत्या तिला कुशीत घेऊन पडल्या आणि दोघींनाही डोळा लागला. तापाच्या औषधाची बाटली बघितली तर तळाशी चमचाभर. मेडिकल कोपऱ्यावरच होतं. मी चप्पल घातली, दार ओढलं, कडी सरकवली.

दुकानात गर्दी होती. औषध घेऊन वळले तर आमच्या इमारतीच्या फाटकात पालिकेची गाडी उभी. डासांची फवारणी. आमच्या भागात डेंग्यूचे रुग्ण निघाले होते, त्यामुळे त्या महिन्यात धूरवाले सारखे येत होते. आजवर ते फक्त गटारीशी धूर सोडून जायचे. आज दोघे जण खांद्यावर यंत्रं घेऊन जिन्यात शिरले होते. त्या यंत्राचा आवाज मोठा असतो, फुटक्या सायलेन्सरसारखा. जिन्याच्या जाळ्यांमधून पांढरा लोट बाहेर येत होता आणि त्याला डिझेलचा वास होता. यंत्रावरून ऐकू जावं म्हणून ते ओरडत होते, "बाहेर या! बाहेर या सगळे!" आणि दारं थापटत होते.

माझ्या डोक्यात पहिलं आलं ते मैत्रीची फुप्फुसं. मी चालण्याचा वेग वाढवला. कुणीतरी वर बोट केलं.

आमच्या गॅलरीतून पाणी गळत होतं. खुर्ची बाजूला पडली होती. आत्या कठड्याशी होत्या, पदर कमरेला खोचलेला, केस सुटलेले. त्यांनी कठड्यावरून काहीतरी खाली सोडलं. ओली गोधडी. गोधडीचं गाठोडं. त्याला पीळ घातलेलं लुगडं बांधलेलं. गाठोड्यातून एक मोजा घातलेला पाय बाहेर आला आणि हलला.

मी किंचाळले असेन. मला आठवत नाही. फुलारीकाका सांगतात की मी किंचाळले नाही, मी फक्त औषधाची बाटली खाली ठेवली, नीट, भिंतीच्या कडेला.

गाठोडं हळूहळू खाली येत होतं. त्यांना ते काम येत होतं, हे बघूनच कळत होतं. घाई नाही, झटका नाही. पण लुगडं अर्धं होतं. उरलेल्या अर्ध्याची त्यांनी मैत्रीला दुपटी शिवली होती. गाठोडं पहिल्या मजल्याच्या गॅलरीपाशी येऊन लोंबकळलं आणि आत्यांच्या हातातलं कापड संपत आलं. पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट बंद होता, ते लोक लग्नाला गेलेले. आत्या कठड्यावरून वाकल्या. आणखी वाकल्या. कमरेपासून वरचं सगळं अंग बाहेर आलं.

खाली माणसं धावली. दुकानातले, रस्त्यावरचे. सगळ्यांनी हात वर केले. "सोडा, आजी! सोडा! आम्ही झेलतो!"

आत्यांनी खाली पाहिलं आणि गाठोडं झोक्यासारखं बाजूला ओढून घेतलं. गाठोडं कठड्याच्या कडेला आपटलं. आतून मैत्रीचं रडणं आलं.

"लांब व्हा!" आत्या ओरडल्या. "हात लावाल तर... लांब व्हा!"

मी त्यांचा असा आवाज कधी ऐकला नव्हता. त्या आम्हाला बघत नव्हत्या. धूर, डिझेल, दार थापटणारे पुरुष, आणि खाली हात वर केलेला जमाव. त्या कुणाला बघत होत्या ते मला तेव्हा माहीत नव्हतं. एवढंच कळलं की आम्ही जितके पुढे जाऊ तितक्या त्या वाकणार.

फुलारीकाका जिन्याकडे निघाले. "दार तोडतो मी."

मी त्यांचा दंड धरला. "नका. दाराला हात लावू नका. ते यंत्र बंद करा. त्या माणसांना गप्प करून खाली आणा. काका, जा."

"अगं पण..."

"जा ना."

ते गेले. मी मागे वळले आणि हात जोडून सगळ्यांना म्हणाले, मागे व्हा, रस्त्यापलीकडे व्हा, हात खाली करा. काही ऐकले, काही नाही. एक जण मोबाइल धरून उभा होता, त्याला पानवाल्याने मागे ओढलं. मग गॅलरीखाली मी एकटी उरले. डोक्यावर माझी मुलगी हेलकावे खात होती आणि गोधडीतून गळणारं पाणी माझ्या तोंडावर पडत होतं.

"आत्या! आत्या, मी आहे!"

यंत्राच्या आवाजात माझं मलाच ऐकू गेलं नाही.

मग यंत्र थांबलं. एक थांबलं, मग दुसरं. कानात नुसतं घुमत राहिलं.

"आत्या!"

त्यांनी ऐकलं नाही. म्हणजे ऐकलं, पण आत्या कोण हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्या वेळी त्या कुणाच्याच आत्या नव्हत्या. त्यांचा एक पाय कठड्यावर आला होता.

मला काय सुचलं ते मी विचार करून केलं असं म्हणणार नाही. रोज संध्याकाळी ऐकलेलं होतं, तेच तोंडातून निघालं. सासूला नावाने हाक मारायची, तीही एकेरीत, असं आमच्या घरात कधी झालं नव्हतं.

"सोजर! हायेस का?"

त्यांचं तोंड वळलं.

"सोजर, हायेस का गं?"

वरून आवाज आला, आतापर्यंतच्या आवाजाहून वेगळा, तरण्या पोरीसारखा. "हाय." मग, "कोन हाय?"

"मी हाय."

"गया?"

मी हो म्हणाले नाही आणि नाही म्हणाले नाही. "मी हाय खाली. कुणी न्हाई दुसरं. गेले ते."

"गेले?"

"समदे गेले. सोजर, लेकराला वर घे. कडी मी काढते."

"कडी बाहिरून हाय."

"ठाऊक हाय. मीच काढते. तू लेकराला वर घे."

त्या थांबल्या. धूर पातळ होत होता. मैत्री रडायची थांबली होती आणि ते रडण्यापेक्षा वाईट होतं. मग लुगडं ताणलं गेलं. एक हात, मग दुसरा हात. गाठोडं वर चढू लागलं. कठड्याला घासलं, अडकलं, आत्यांनी कोपराने सोडवलं. गोधडी कठड्याआड गेली आणि तिच्यामागून आत्यांचा पायही.

मी जिन्याकडे धावले. धूरवाले भिंतीला चिकटून उभे होते, तोंडावर फडकी. एक म्हणाला, "ताई, आम्ही काय केलं?" मी थांबले नाही. प्रत्येक वळणावर हाक मारत गेले. "सोजर, हायेस का?" आणि वरून बंद दाराआडून, "हाय." पुढच्या वळणावर पुन्हा. "हाय." दारापाशी पोचले तर त्यांनी आतूनही कडी घातली होती.

"मी बाहेरची काढतेय. आवाज होईल. भिऊ नको."

सरकवली. तिचा खट्ट आवाज झाला आणि आतलं सगळं शांत झालं.

"सोजर, हायेस का?"

फार वेळ काहीच नाही. मग आतली कडी निघाली.

घरभर पाणी होतं. त्यांनी दारावर, भिंतींवर, गादीवर ओतलं होतं. त्या ओल्या फरशीवर उभ्या होत्या आणि मैत्री त्यांच्या खांद्यावर, ओठ निळसर, थरथरणारी, पण डोळे उघडे. मी हात पुढे केले. त्यांनी दिली. माझ्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि त्यांचा चेहरा हळूहळू म्हातारा झाला.

"यशोधरा," त्या म्हणाल्या. "कडी कोनी लावली व्हती?"

"मी, आत्या."

त्यांनी मान हलवली. "लेकरू भिजलंय. टावेल आण."

प्रसेन आला तेव्हा मैत्रीला कोरडं करून, गुंडाळून, औषध पाजून झालं होतं. बाटली फुलारीकाकांनी वर आणून दिली होती आणि ते दारातच उभे होते, आत यावं की जावं न कळून. त्यांनीच प्रसेनला फोन केला होता. प्रसेन बूट न काढता पाण्यातून चालत आला आणि आईसमोर फरशीवर बसला.

"माय, काय झालं?"

त्यांनी मला सांगितलं, त्याला नाही. त्याच्याकडे बघून त्यांना बोलता येत नव्हतं.

"उत्पला चार महिन्यांची व्हती. नामांतराचं चालू व्हतं. आमच्या वस्तीत काय मोर्चा निघाला नव्हता, कोनी भाषन केलं नव्हतं. पर आले. दिवे लावायच्या वक्ताला आले. ह्ये घराबाहिर गेलेले. दाराला बाहिरून कडी घातली आन् छपरावर रॉकेल टाकलं."

मैत्री माझ्या छातीशी होती. तिचा श्वास मला कळत होता.

"घागरभर पानी व्हतं घरात. गोधडी भिजवली, लेकरू बांधलं. मागच्या भिताडाला झरोका, त्यातनं भायेर सोडलं. खाली कोन हाय दिसंना. घेनारे हात कोनाचे, आपल्याचे का त्यांचे, कळंना. मंग गया वरडली. सोजर, हायेस का. तिनं लेकरू घेतलं. एका हातात लेकरू आन् दुसऱ्या हातानं तिनं म्होरं येऊन कडी काढली. हात भाजला तिचा. कडी तापली व्हती."

"कोण होते ते?" प्रसेनने विचारलं. त्याचा आवाज बारीक झाला होता.

"गावातलेच."

"नावं सांग."

"त्यांच्याच वावरात म्या पुढं खुरपायला गेले, बाबा. उत्पलाला बांधावर निजवून. नावं घेऊन काय करू?"

मला शाळेतलं आठवत होतं. मी नाशिकची. चौदा एप्रिलला आमच्या विहारात वक्तृत्व स्पर्धा व्हायची. एका वर्षी विद्यापीठाच्या नामांतरावर बोलून मी पहिलं बक्षीस मिळवलं होतं. साल, जिल्हे, सगळं मला पाठ होतं. जाळलेल्या वस्त्यांचा आकडा सांगताना आवाज कुठे चढवायचा, हे बाबांनी बसवून घेतलं होतं.

"मला कधी सांगितलं नाहीस," प्रसेन म्हणाला.

"सांगितलं असतं तर तुला झोप लागली असती व्हय?"

"तशी तरी कुठे लागली, माय."

त्या त्याच्याकडे पहिल्यांदा बघत राहिल्या. मग त्याचे ओले बूट सोडवू लागल्या, तो पाचवीत असल्यासारखं. त्याने सोडवू दिले.

दारातून फुलारीकाका खाकरले. "मी... बादली भरून ठेवू का? रिकामी झालीय."

"ठेवा," आत्या म्हणाल्या. "आन् पाय बाजूला ठिवा."

ते बादली भरायला गेले. नळाखाली ती भरून वाहू लागली तरी ते तिथेच उभे होते, पाठ आमच्याकडे करून.

एक तारखेला मी लॅबमध्ये गेले नाही, पंधराला गेले. तोवर ग्रिल बसली होती, आणि प्रसेनने बाहेरची कडी पेचकसाने काढून टाकली होती. लाकडात चार भोकं राहिली. नंतर घराला रंग देताना त्याने ती बुजवू दिली नाहीत. सरकारी दवाखान्यात आम्ही आत्यांना घेऊन जायला लागलो, आणि दोनतीन खेपांनंतर डॉक्टरबाईंनी प्रसेनलाही आत बोलावून घेतलं. झोप सुधारली. पातेली भरायचं थांबलं, बादली राहिली. आत्या म्हणायच्या, "गोळी चांगली हाय. पर गोळी हाक मारत न्हाई."

हाक आम्ही मारायचो. मी लॅबमधून फोनवर, प्रसेन पाळीवर असेल तिथून. फुलारीकाका जिन्यात उभे राहून, "आत्या, आहात का?"

"हाय. तुमी?"

"आहे की. पेन्शन सोडून जातोय कुठे?"

मैत्रीचं पहिलं दोन शब्दांचं वाक्य कुठलं होतं ते इतर आयांसारखं मलाही सांगता येतं. तिने ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, आजीचंच लुगडं धरून, मला विचारलं होतं. मी गॅस बंद केला, खाली बसले आणि तिला उत्तर दिलं.

आत्यांना जाऊन आता दोन वर्षं झाली. झोपेत गेल्या, दिवसा. उत्पलाताईंना आम्ही इकडे या म्हणतो, त्या येत नाहीत. एकट्याच राहतात, परभणीत. त्यांना घर जाळलं त्या संध्याकाळचं काही आठवत नाही, आठवणार कसं? तरी न्हाणीघराचं दार अजून अर्धं उघडं असतं, आणि आता त्यावर बोलणारंही घरात कुणी नाही.

बाहेर अंधारून यायला लागलंय. माझी ताईंना फोन करायची वेळ झाली. पहिल्या घंटेला उचलतील. तोवर तुम्ही एक करा. दिवेलागणीला ज्यांच्या दाराशी भरलेली बादली असते, जे गाडी कायम तोंड वळवून लावतात, ज्यांचे रोजचे फोन हल्ली बंद झालेत, असं एक माणूस तुमच्या माहितीत असणार. का, कशामुळे, ते आज विचारू नका. नुसतं नाव घेऊन विचारा, आहेस का. आणि उत्तर येईपर्यंत थांबा.